डबी म्हणाली, सरळ जा

पळसदेव,
सोमवार, १७ नोव्हेंबर

तमन्ना,

पहिला आला तो संदेश. नाव मला मागनं कळलं. आधी वाटलं मीटर बघायला वायरमन आलाय, कारण डोक्यावर टोपडं आन् डोळ्यावर काळा चष्मा. मी काल सकाळी दारात चिलापी मासे साफ करत बसलेले. तर हा गडी सायकलवर माझ्या अंगणातनं, कोंबड्यांच्या मधनं, सरळ खाली पाण्यापातुर गेला आन् उभा राहिला. त्याच्या मागनं एक पोरगी, सुप्रिया. मग बाकीचे. समदे एका रांगेत पाण्याकडं तोंड करून उभे. सायकलच्या दांड्यावर एकेकाची रस्ता सांगणारी डबी, तुझ्या सायकलवर असती तसली. डबीकडं बघायचं, पाण्याकडं बघायचं, परत डबीकडं. जणू पाणी बाजूला सरून वाट देणार हाय.

मी म्हटलं, काय हरवलं का रं बाबांनो? तर संदेश म्हणतो, आजी, रस्ता हरवलाय, डबी म्हणती सरळ जा. म्हटलं हरवला न्हाय, हाय तितंच हाय. धरणाच्या पाण्याखाली. जुन्या गावाचा रस्ता हाय तो, मे महिन्यात पाणी हटलं की उघडा पडतो. तवा या, मी सोबत येते.

आपला सिकंदर म्हणाला आई, लोकांची चेष्टा करू नको, चहा टाक. टाकला. चहा कसला, बसलेच समदे भाकरीला. एक अविराज म्हणून व्हता, त्यांचा म्होरक्या. त्याचं बारामतीत औषधाचं दुकान हाय म्हणं. तो काय हसंना. त्याची डबी गोठली व्हती. बटन दाबलं तरी पडदा आपला तसाच. त्यानं ती माझ्या खिडकीत चार्जिंगला लावली आन् जाताना विसरून गेला. आता ती बरणीच्या शेजारी बसलीय. मधीच टुंय करती. मांजर तिच्यावर नजर ठेवून हाय.

खरी गंमत म्होरं हाय. मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, हा रस्ता काढला कुणी? म्हशीनं काढला का? म्हस बी पोटापातुरच पाण्यात जाती. समदे खाली बघाय लागले. मग मी म्हटलं, माझी नात बी बारामतीला सायकलीच चालवती, तमन्ना नाव तिचं, तुमाला भेटती का कधी? तर संदेशच्या नाकातनं चहा आला. सुप्रिया पाठमोरी झाली. काय झालं ते कोण सांगंना. तुला ठाऊक असलं तर कळव.

शेजारच्या रतनच्या गुडघ्याला तेल लावून काय फरक न्हाय. सद्दाम मासळीचा टेम्पो घेऊन रोज बारामतीला येतोच, त्याच्याजवळ चिठ्ठी देत जा. फोनवर तू नुसती हूं हूं करतीस आन् मला निम्मं ऐकू येत न्हाय.

तुझी नानी


बारामती,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

नानी,

म्हैस मी आहे.

संदेशच्या नाकातून चहा का आला ते आता तुला कळलं असेल. रूट मीच काढला होता. मे महिन्यात तू मला जुन्या गावात तुझी चूल कुठे होती ते दाखवायला नेलंस, आठवतं? तेव्हा माझ्या सायकलवरची डबी चालू होती. तिने आपण गेलो तो सगळा रस्ता नोंदवून ठेवला. परवा इंदापूरहून भिगवणला हायवे टाळून आतून जायचा रूट हवा होता. मी तो जुना ट्रॅक जोडून दिला. मधे पावसाळा येऊन गेला आणि धरण भरलं, हे डबीला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

सद्दाम सगळं हसण्यावारी नेतो आहे. टेम्पोच्या काचेतून विचारतो, पोहायचे कपडे पाठवू का.

पण नानी, हसण्यावारी जाण्यासारखं नाही हे. चौदा डिसेंबरला आमच्या क्लबची तीनशे किलोमीटरची राइड आहे. पुण्याहून, सोलापुरातून लोक येणार आहेत. तिचा रूट मी काढायचा असं ठरलं होतं. हात प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे यंदा चालवता तर येणार नाही. निदान लोक मी आखलेल्या रस्त्यावरून जातील, एवढीच आशा होती. पाण्याचं प्रकरण झाल्यावर अविराजदादा म्हणाले, पुण्याच्या एका माणसाकडून तयार रूट घेऊ. मी खूप विनवलं तेव्हा एक संधी दिली. येत्या रविवारी तेच लोक परत तुमच्या बाजूने येणार. तेव्हा एकही वळण चुकलं तर रूट माझ्याकडून गेला.

मला स्वतः यायला रजा नाही. तू एक कर. खिडकीतली ती डबी घेऊन हायवेच्या फाट्यापासून भिगवणच्या डांबरी रस्त्याला लागेपर्यंत चालत जा. जी वाट बारमाही चालू असते तीच. अविराजदादांना विचारलंय. ते म्हणाले, चालू दे तुझ्या नानीला, नाहीतरी ती डबी मेलेलीच आहे.

ती मेलेली नाही. डाव्या बाजूचं बटन दाबून धर आणि सावकाश पंधरापर्यंत मोज. पडदा काळा झाला की सोड, मग एकदा दाब. सुरू होईल. घरात किंवा पत्र्याखाली करू नको, उघड्या आभाळाखाली कर. तिला उपग्रह सापडावे लागतात आणि ते सापडेपर्यंत जागची हलू नको. तिच्यावर हात धरू नको. मग खालचं उजवं बटन एकदा, की नोंद सुरू. पडद्यावर दोन उभ्या रेघा दिसल्या तर घाबरू नको. तू थांबलीस म्हणून तीही थांबली, एवढाच अर्थ. चालायला लागलीस की तीही लागेल. शेवटी खालचंच बटन परत एकदा, आणि मग कशालाही हात न लावता सद्दामकडे दे. बाकीचं मी बघते.

पायाला त्रास होणार असेल तर सिकंदरमामाला पाठव.

तमन्ना


पळसदेव,
गुरुवार, २० नोव्हेंबर

तमन्ना,

सिकंदरला कशाला पाठवू? त्याला दोन माणसांशी नीट बोलता येत न्हाय, तो रस्ता काय दाखवणार.

पंधरापातुर मोजलं. रतनला बी बोलावलं व्हतं, ती म्हणाली तू लई भरभर मोजतीस, परत मोज. परत मोजलं. पडदा काळा झाला तशी रतन म्हणाली, मेली आता, आयुष्य व्हतं तेवढंच. मग दाबलं तर टुंय करून उठली. रतननं हात जोडले. मी म्हटलं मला कशाला जोडतीस, बारामतीकडं तोंड करून जोड.

मग तिला बाजेवर ठेवली. उन्हानं पडदा दिसंना म्हणून मी पदराची सावली धरून बसले. तुझे उपग्रह काय येईनात. बराच येळ झाला. मग तुझी चिठ्ठी परत वाचली, हात धरू नको लिहिलं व्हतं. पदर काढला तर लगीच आले. पदराला बी हातच म्हणायचं व्हय? तसं लिहायचं मग.

डबी गळ्यात बांधली, तुझ्या आईच्या जुन्या ओढणीच्या काठानं. फाट्यापासनं निघाले. लोक विचारत व्हते, जरिनाबी, गळ्यात काय, कारखान्यानं पट्टा दिला का? म्हटलं व्हय, मी आता रस्त्याची इंजिनेर झाले.

तुझी ती रेघ लई वंगाळ हाय. जरा कुणाशी उभी राहिले की दोन रेघा. लोकांना वाटायचं मी घाईत हाय. दादासोच्या चाऱ्याच्या गाडीपाशी मी म्हटलं, थांब बाबा, ही रेघ आली, मला चालाय पाहिजे. तो म्हणाला चाला की, मी बी चालतो संगट. मग आमी दोघं बोलत बोलत गाडीभोवती फिरलो. त्यामुळं ती काय थांबली न्हाय, तेवढी नोंद चांगली झाली असंल.

कॅनॉलच्या चारीकडनं गेले, मग डांबरी लागली. खालचं बटन दाबलं. तितंच सद्दाम टेम्पो घेऊन उभा व्हता. त्याला डबी दिली. तो म्हणाला नानी, वास येतोय डबीला. चिलापीचाच वास हाय, तुमच्या अविराजरावांना सांग पुसून घ्या.

पाय ठीक हायत. रात्री शेकले.

नानी


बारामती,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

नानी,

डबी मिळाली. ट्रॅक उघडला आणि मी नकाशापुढे हसत बसले. शेजारच्या टेबलावरची मुलगी विचारत होती, काय बघतेस. म्हटलं, माझी नानी कशी बोलते ते बघतेय.

सरळ रेघ फार कमी आहे. बाकी लोकरीचा गुंडा. आता मला उद्यापर्यंत एवढंच सांग, यातला रस्ता कुठला आणि गप्पा कुठल्या. रात्रीतून रूट तयार करून सगळ्यांच्या डब्यांमध्ये घालायचा आहे.

एक, फाट्यावरून जरा पुढे आल्यावर तू परत फाट्याकडे गेलीस आणि परत आलीस. का?

दोन, शाळेच्या मागे एका ठिकाणी गोल गोल फेऱ्या आहेत. ती दादासोमामांची गाडी असावी. ती मी काढून टाकते.

तीन, कॅनॉलच्या चारीपाशी तू सरळ न जाता खाली उतरून लांबून वळून वर आलीस. तिथे कोण राहतं?

चार, पिठाच्या गिरणीपासून समोर सरळ रस्ता दिसतो. तू मात्र डावीकडे वळून खाली आपल्या घरी गेलीस, अंगणातून मागच्या बांधावरून जाऊन परत वरच्या रस्त्याला लागलीस. घरी काही विसरलं होतं का? हे वळण मी काढणार आहे, पण आधी विचारते. नानी, खरं सांग. दुसरं विचारायला मला तिथे कोणी नाही.

तमन्ना


पळसदेव,
शनिवार, २२ नोव्हेंबर

तमन्ना,

सद्दाम हॉर्न वाजवतोय, म्हणून थोडक्यात.

एक. रतनची पिशवी फाट्यावर राहिली. काढून टाक.

दोन. काढ. दादासोला सांगू नको मात्र, त्याला वाटतं तो रस्त्यात आला.

तीन. तितं कोण राहत न्हाय. चारीवरचा पूल पावसात खचलाय, पायी बी लोक खालनं वळून जात्यात. ते ठेव. काढलंस तर पोरं चारीत पडतील.

चार. ते बी ठेव. गिरणीपासला सरळ रस्ता आता उसाच्या ट्रॉल्यांनी अडतो. कारखाना सुरू हाय न्हवं? वजनाला जायच्या आधी तितंच रांग लागती. सायकलवाल्यांनी डावीकडं वळून, आपल्या अंगणातनं, बांधावरनं गेलेलं बरं. बांध चांगला हाय.

आता जास्त लिहीत न्हाय. रतनकडनं लसूण आणायचाय, जादा लागणार हाय उद्या.

नानी


बारामती,
रविवार, २३ नोव्हेंबर, संध्याकाळ

नानी,

उद्या सकाळच्या टेम्पोतून सद्दाम ही चिठ्ठी देईल. लगेच उत्तर पाठव, सद्दामला हॉर्न वाजवू दे.

डब्या चालू असल्या की लोक कुठे आहेत ते मला मोबाइलवर ठिपक्यांनी दिसतं. आज सकाळी सगळे ठिपके गिरणीपाशी आले, डावीकडे वळले आणि आपल्या अंगणात जाऊन थांबले. थांबले म्हणजे थांबलेच. मग एक ठिपका, तो अविराजदादांचा, एकटाच गिरणीकडे परत गेला. तिथून पुढे सरळ. चारीपर्यंत. पुन्हा मागे आला. मग मी मोबाइल उपडा ठेवला, बघवेना.

गिरणीपाशी सरळ रस्त्याला ट्रॉल्या होत्या का, नानी? अविराजदादांचा ठिपका इतक्या भरकन पुढे गेला की मला शंका येतेय. आणि तू लसूण जादा का आणलास, हे मला काल कळायला हवं होतं.

अविराजदादांचा फोन लागत नाही. संदेश फक्त माशाचं चित्र पाठवतोय. माझा रूट गेला का, एवढंच सांग. खरं सांग. मी रडणार नाही. म्हणजे रडले तरी तुला दिसणार नाही.

तमन्ना


पळसदेव,
सोमवार, २४ नोव्हेंबर

तमन्ना,

ट्रॉल्या न्हवत्या. एक बी न्हवती. लागती तवा लागती रांग, ते खोटं न्हाय, पण रविवारी ती न्हवती आन् मला ठाऊक व्हतं. तुझ्या मनात आलं तेच खरं हाय. रस्ता गिरणीपासनं सरळच जातो. ही माणसं सरळ गेली असती तर माझ्या दारावरनं गेलीच नसती. मला वाटलं, दोन मिनिटं वळली तर काय बिघडतंय.

बिघडलं.

पहाटेपासनं चूल पेटवलेली. चिलापीला मसाला लावून ठेवलेला, ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी. संदेश अंगणात आला तोच हसत आला. म्हणाला आजी, आज डबी म्हणती सरळ जाऊ नका. सुप्रियानं सायकल भिंतीला लावली आन् हात धुतले. पण अविराज काय उतरंना. एक पाय खाली टेकवून डबीकडं बघत म्हणाला, आजी, हा रस्ता पुढं बांधावरनं जातो? म्हटलं, जातो की. शेळी रोज जाती.

समदे हसले, तो न्हाय हसला. म्हणाला, तीनशे किलोमीटरच्या राइडला शंभर माणसं शेळीच्या वाटेवर कशी घालायची? तमन्नाला सांगितलं व्हतं, एक वळण चुकलं तरी बास. आन् खिशातनं मोबाइल काढला. तुलाच लावत व्हता.

मी त्याच्या सायकलचा दांडा धरला. पिठाच्या हातानंच धरला, त्याचे काळे हातमोजे पांढरे झाले. म्हटलं, थांबा राव. ती न्हाय चुकली. तिनं मला इचारलं व्हतं, नानी खरं सांग म्हणून. मीच तिला खोटं लिहून पाठवलं.

तो म्हणाला, का?

म्हटलं, तुमी न जेवता गेला असता म्हणून.

तमन्ना, तव्यावर मासा चरचरत व्हता. मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या एका वेळच्या भाकरीपायी पोरीचा रस्ता गेला. हात तसाच दांड्यावर. सोडला तर तो फोन लावील.

मग तो म्हणाला, आजी, हात सोडा, मी बघून येतो. सायकल फिरवली आन् एकटाच गिरणीकडं गेला. तू ठिपका बघितलास तो हाच. बाकीच्यांना मी म्हटलं, खा तुमी, तो येईल. त्यांनी खाल्लं. मला घास गेला न्हाय. सिकंदर म्हणाला आई, तू बी खा, तुझ्यामुळंच चाललंय समदं. असा हाय तुझा मामा.

अविराज आला तर घामानं निथळत व्हता. म्हणाला, गिरणीपासनं सरळ रस्ता मोकळा हाय. चारीवरचा पूल खचलाय, तितं डबीनं बरोबर आधीच खाली वळायला सांगितलं. ती खूण तमन्नानं टाकलीय ना? म्हटलं, व्हय, तिनंच टाकलीय. मी फकस्त खाली उतरले व्हते. तवा तो बाजेवर बसला. मी ताट पुढं केलं. आधी मासे खात न्हाय म्हणाला, मग रस्सा चालंल म्हणाला, मग मी बघितलं तर काटे ताटाच्या कडंला रांगेत.

पण म्हणाला भिगवणपातुर बघतो, मग ठरवतो. दिवसभर माझा जीव टांगणीला. रतन दोनदा येऊन गेली, ती बी गुडघा विसरली. संध्याकाळी सिकंदरच्या मोबाइलवर त्याचा फोन आला. मला ऐकू येत न्हाय म्हणून सिकंदरनं आवाज मोठा केला, त्यामुळं रतनला, दादासोला आन् शाळेपातुर समद्यांना ऐकू गेलं. भिगवणपातुर डबीनं एकदा बी चुकवलं न्हाय म्हणाला. रूट तमन्नाकडंच. तो तुला गुरुवारच्या मीटिंगीत समद्यांसमोर सांगणार हाय, त्यामुळं मी तुला काय सांगितलं न्हाय. तोंड तसं ठेव. रडू नको, आन् रडलीस तर प्लास्टर भिजू देऊ नको.

एक अट घातली त्यानं. आजीचं अंगण रूटमधनं कापायचं. म्हटलं, काप. लेकीच्या लेकीपायी मी घर बी उचलून न्यायला तयार हाय, अंगणाचं काय. मग म्हटलं, पण अविराजराव, मी भाकरीची दुरडी घेऊन गिरणीपाशी बसले तर चालंल का? रस्त्यावर बसायला तर कुणाची परवानगी लागत न्हाय न्हवं?

तो म्हणाला, तितं एक थांबा लागतोच. इंदापूरच्या पुढं आतल्या रस्त्याला प्यायच्या पाण्याचं दुसरं ठिकाण न्हाय. प्रत्येकाच्या कार्डावर तितं कुणीतरी येळ लिहून सही करायची असती. तुमी कराल का?

मी म्हटलं, मला सही येती. म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात पहिल्यांदा तीच शिकले. पर घड्याळ बघून लिहायला मला जरा येळ लागंल, लोकं खोळंबतील. तो म्हणाला, खोळंबू दे, तोवर खातील.

आता तू काय ते आवर. अंगण काप, गिरणीपाशी एक खूण टाक, आन् डबीत लिहिता येत असंल तर लिही, हितं जरिनाबी बसल्यात. तुझं प्लास्टर तवा निघालं असंल, सद्दामच्या टेम्पोत बसून ये. पाठीमागं बसू नको, वास येतो.

काल रात्रीपासनं वहीच्या मागं सही गिरवतेय. रतन म्हणती बास झालं, शाई संपंल. संपली तर दुसरा पेन आणंन.

समदे येणार हायत रविवारी, चौदा डिसेंबरला, न्याहारीच्या टायमाला.

नानी